मराठवाड्यातून परदेशात मास्टर्स: आधी घरचे कागद, मग विद्यापीठ

परदेशात मास्टर्स करायचंय, कुठला देश घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न टाकतो: घर कुणाच्या नावावर आहे? समोरच्याला वाटतं, हा विषय टाळतोय. पण बीड, परभणी, हिंगोलीकडच्या घरांत परदेशी शिक्षणाचं घोडं विद्यापीठाच्या दारात क्वचितच अडतं. ते अडतं तलाठ्याकडं आणि बँकेत. मार्क असतात, इंग्रजी चार-सहा महिन्यांत सुधारतं, प्रवेशही मिळतो. मग ऐन जूनमध्ये बँक सांगते की हे तारण चालत नाही, आणि वर्ष वाया जातं.

नेटवरचे बहुतेक सल्ले ज्यांच्या घरी फॉर्म सोळा आणि पुण्यात फ्लॅट आहे, त्यांच्यासाठी लिहिलेले असतात. आपल्याकडं कास्तकारी, आडतीवरची रोख आणि गावठाणातलं घर. म्हणून इथं कामांचा क्रमच वेगळा लावलाय. युरोपातले बहुतेक कोर्स सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात. त्याच्या दीड वर्ष आधी, म्हणजे आदल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलात कामाला लागा.

पहिलं काम: नाव एक करा

दहावीची सनद, पदवीची मार्कशीट, आधार, पॅन आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. जाधव हे आडनाव एका कागदावर शेवटी व्ही घेऊन येतं आणि दुसऱ्यावर ओ. शेख तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. वडिलांचं नाव कुठं पूर्ण, कुठं नुसतं आद्याक्षर. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठांच्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. बाहेरच्या संगणकाला हे कळत नाही, तो पासपोर्टवरचं नाव प्रमाण मानतो. त्यामुळं पासपोर्ट काढताना आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव आणि नावाच्या रकान्यात तुमचं नाव व वडिलांचं नाव, असंच भरा. एक रकाना रिकामा राहिला तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरं छापून येतात आणि पुढं बँक खात्यापासून गाडीच्या परवान्यापर्यंत सगळीकडं ती निस्तरत बसावी लागतात.

फरक एखाद्या अक्षराचा असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. नावच वेगळं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी आधी ठरवावं की पदवीवरचं नाव चालवायचं की नवं, आणि मग सगळीकडं तेच ठेवावं. पासपोर्टसाठी आता मुंबई-पुण्याला पळावं लागत नाही, पोस्ट ऑफिसातल्या सेवा केंद्रांनी ती दगदग वाचवलीय. पोलीस पडताळणीच्या वेळी मात्र दिलेल्या पत्त्यावर हजर असा. पुण्यात रूमवर राहता आणि पत्ता गावचा दिलाय, तर अहवाल उलटा जातो.

ट्रान्सक्रिप्ट आणि तो एक आकडा

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे विषय, क्रेडिट आणि गुण एकत्र छापलेला, विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद. कॉलेजनं दिलेला चालेलच असं नाही, तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून घ्यावा लागतो. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवच्या कॉलेजांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्यांना नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. इंजिनिअरिंगवाल्यांची गंमत वेगळीच. मराठवाड्यातली कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि लोणेरे आहे रायगड जिल्ह्यात. ऑनलाइन अर्ज करून काम झालं तर उत्तम, पण हातात वेळ ठेवा. अर्ज करतानाच जादा संच मागा. सोबत शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं पत्र आणि सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर कसं करायचं याचं पत्र घ्या.

जर्मनीचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्टवर एक गोष्ट छापलेली हवीच: पास होण्यासाठी किमान ग्रेड किती. जर्मन विद्यापीठं आपले गुण स्वतःच्या १ ते ४ च्या मापात बदलतात, तिथं १ म्हणजे सर्वोत्तम. सूत्र असं: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास यांच्या फरकानं भागा, तिनानं गुणा आणि त्यात १ मिळवा. समजा सीजीपीए ७.४ आहे. किमान पास ४ धरला तर उत्तर येतं २.३. तोच ५ धरला तर २.५६. कित्येक कोर्सना २.५ पर्यंतचीच मुलं घेतात. म्हणजे तुमचा अभ्यास तोच, मार्क तेच, आणि एका आकड्यापायी तुम्ही आत किंवा बाहेर. तो आकडा कागदावर नसेल तर तपासणारा स्वतःच्या समजुतीनं धरतो. त्यामुळं विद्यापीठाच्या खिडकीवर थोडं चिवटपणे उभं राहून तो छापून घ्या.

एटीकेटी लागली असेल तर लपवू नका. नापास झालेल्या प्रयत्नांच्या मार्कशीटसुद्धा फाइलला ठेवा.

तारण: शेती आहे, पण बँकेला नको

हा भाग घरच्यांना बसवून वाचून दाखवा.

सरकारी बँकांच्या नेहमीच्या नियमात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्यापुढं तारण द्यावं लागतं. परदेशी विद्यापीठांची बँकेची स्वतःची एक यादी असते. त्यात नाव असेल तर मोठी रक्कमही बिनतारणी मिळू शकते, पण त्या यादीतली विद्यापीठं फार वरची. बाकीच्यांनी तारणाचं बघायचं.

"बारा एकर आहे की, बागायती!" असं वडील ऐटीत सांगतात आणि बँक मॅनेजर मान हलवतो. तो मुद्दाम अडवत नसतो. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण जप्त करण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्यानं दिलाय, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमीन त्यातून वगळलीय. शेतकऱ्याच्या भल्यासाठीच केलेली ही तरतूद आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा, की परदेशी शिक्षणाच्या कर्जाला सातबारा बँकेच्या उपयोगाचा नाही. पीककर्जाला जो सातबारा चालतो तो इथं का चालत नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग चालतं काय? मंजूर लेआउटमधला एनए प्लॉट, बांधकाम परवानगी असलेलं घर, फ्लॅट, दुकानाचा गाळा, मुदत ठेव, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू. संभाजीनगरात ज्यांची घरं गुंठेवारीत आहेत त्यांनी ती नियमित झालीत का ते आधी बघावं. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर बँकेचा वकील पहिल्या पानावरच थांबतो. गावातलं घर नुसतं ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असेल तर बहुतेक बँका हात लावत नाहीत. वर्ग दोनची जमीन, इनामी जमीन हे निजामाच्या काळापासून चालत आलेलं दुखणं आपल्याकडं बरंच आहे. तिच्यावर एनए, विक्री, गहाण सगळ्यालाच परवानगी लागते.

त्यातही नाव कुणाचं हा प्रश्न उरतोच. प्लॉट आजोबांच्या नावावर, आजोबा वारले, वारसांची नोंदच लागलेली नाही, हे चित्र घरोघरी. वारस नोंद करायला सगळ्या वारसांना एकत्र आणावं लागतं, आत्यांनासुद्धा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीही मुलांच्या बरोबरीनं हिस्सेदार आहेत, त्यामुळं आत्याची सही म्हणजे उपकार नव्हे, तो तिचा हक्क आहे. तिला पेढे घेऊन भेटा, पण कागद समोर ठेवून बोला. पुण्याच्या मामाचा फ्लॅट तारण ठेवता येतो, बँकेची हरकत नसते. मामीची असू शकते. ते आधी विचारून घ्या.

एवढं करून तारण जुळलं की बँकेच्या पॅनलवरचा वकील मालकीचा तीस वर्षांचा शोध घेतो आणि मूल्यांकन करणारा येऊन मोजमाप करतो. दोघांची फी, गहाणखताची स्टॅम्प ड्युटी हा खर्च तुमचा. बाजारभाव आणि बँकेनं धरलेला भाव यात फरक पडतो आणि कर्ज बँकेच्या भावावर ठरतं. प्रवेशपत्र हातात नसतानाही बँकेत जाऊन कागद दाखवून ठेवता येतात, आणि हे सगळं दीड वर्ष आधीच करायचं ते याचसाठी. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून किंवा थेट शाखेत. तालुक्याच्या शाखेनं असं कर्ज कधी केलेलंच नसतं, म्हणून संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या मोठ्या शाखेत किंवा शिक्षणकर्जाच्या केंद्रात विचारा.

बिनतारणी कर्ज देणाऱ्या एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्या, आहेत. व्याज चढं, आणि अभ्यास चालू असतानाही व्याजाचा काही भाग महिन्याला भरावा लागतो. घरी सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास आणि उसाचे कारखाना देईल तेव्हा येतात. दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता त्या गणितात बसतो का, हे आधी बघा.

आणि शेत विकून जाऊ नका. दोन एकर विकून अमेरिकेला जाण्यापेक्षा दोन वर्षं वाळूजला नाहीतर पुण्यात नोकरी करून, कमी खर्चाचा देश बघून जावं. अनुभव असलेल्या मुलाला परदेशात पार्ट टाइम आणि पुढची नोकरी मिळायलाही सोपं जातं. माझं हे मत पुष्कळांना पटत नाही, पण कर्ज फिटतं आणि विकलेली जमीन परत येत नाही.

उत्पन्नाचे दोन दाखले

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न भरायची सवय नाही. बँक मात्र सहकर्जदाराचे दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. करपात्र उत्पन्न नसलं तरी रिटर्न भरता येतं आणि त्यात शेतीचं उत्पन्न दाखवायची सोय असते. आजपासून भरायला लागा. आडतीवर माल घातला की पट्टी जपून ठेवा आणि पैसे शक्यतो खात्यावर घ्या. पट्टी आणि खात्यातली जमा जुळली की बँकेचा अर्धा संशय तिथंच फिटतो.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, म्हणून उघड बोलतो. पुष्कळ घरांत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला साठ-सत्तर हजारांचा असतो, फी सवलतीसाठी काढलेला. आणि व्हिसासाठी सीएकडून घेतलेल्या पत्रात त्याच घराचं उत्पन्न बारा लाख. शिष्यवृत्तीच्या फाइलला पहिला, व्हिसाच्या फाइलला दुसरा. कधीतरी हे दोन्ही एकाच टेबलावर येतात, आणि मग खुलासा करता करता नाकीनऊ येतात. एकच खरा आकडा धरा आणि तोच सगळीकडं द्या. तसंच व्हिसाच्या तोंडावर पाहुण्यांकडून गोळा करून खात्यात टाकलेले दहा लाख लगेच डोळ्यावर येतात. ब्रिटनमध्ये तर नियमच आहे की दाखवायची रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी.

आता देश

जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरची किरकोळ वर्गणी. अपवाद लक्षात ठेवा: बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४ ते ६ हजार युरो लावलेत. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात आधीच भरावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात. हे पैसे खर्च होत नाहीत, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुम्हालाच परत मिळतात. लहान शहरात तेवढ्यात भागतं, म्युनिकमध्ये नाही. भारतीयांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमचे कागद खरे आहेत याची ती पडताळणी, फी १८ हजार रुपये, आणि वेळ लागतो म्हणून ट्रान्सक्रिप्ट हातात येताच अर्ज टाका. कोर्स इंग्रजीत मिळाला तरी जर्मन शिका. निदान बी-वन या मधल्या पातळीपर्यंत. दुकानात, दवाखान्यात आणि नोकरीच्या मुलाखतीत तीच लागते.

इटलीकडं आपल्या मुलांचं लक्ष कमी जातं, आणि कमी उत्पन्नाच्या घरासाठी मला तो सगळ्यात विचार करण्याजोगा देश वाटतो. तिथल्या प्रांतांची डीएसयू शिष्यवृत्ती मुख्यतः घरच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर ठरते. मिळाली तर फी माफ, जेवणाची सोय आणि वर रोख रक्कम. मात्र घरच्यांचे उत्पन्नाचे, मालमत्तेचे, कुटुंबातल्या माणसांचे दाखले अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात चालावेत म्हणून त्यांवर सरकारी शिक्का घेऊन) इटालियनमध्ये भाषांतर करून द्यावे लागतात. इथंही तहसीलचा तोच दाखला लागतो, म्हणून वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मास्टर्स एका वर्षात होतं, पण फी भरपूर. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षावर येणार आहेत. अमेरिकेत फी सगळ्यात जड. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या कोर्सला शिक्षणानंतर १२ अधिक २४ महिने काम करता येतं. पुढं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. नियम सारखे हलतायत. कर्ज फेडायचा सगळा हिशोब तिथल्या नोकरीवर टेकलेला असेल तर घरच्यांना हे सांगूनच जा.

शिष्यवृत्त्या

सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर तारणाची कटकटच मिटते, म्हणून हा रस्ता सोडू नका. अनुसूचित जातींसाठी समाज कल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, मराठा आणि कुणबी मुलांसाठी सारथीची, आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची. शिवाय केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती: अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. तिला कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि वय ३५ च्या आत लागतं. भूमिहीन मजुरांसाठीच्या जागा आहेत हे आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या कितीतरी लेकरांना माहीतच नसतं.

या बहुतेक योजनांत विद्यापीठ जगातल्या विद्यापीठांच्या क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत हवं आणि प्रवेश बिनशर्त हवा. क्रमांक, जागा, उत्पन्नमर्यादा वर्षाला बदलतात, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना मजकूर सोडा आणि त्या वर्षीची जाहिरात वाचा. जर्मनीतल्या बऱ्याच चांगल्या हॉखशूल, म्हणजे उपयोजित शास्त्रांची विद्यापीठं, त्या क्रमवारीत नसतात, हेही ध्यानात घेऊनच अर्ज टाका. निवड यादी लागेपर्यंत विद्यापीठाची फी भरायची तारीख येऊन ठेपते, म्हणून दुसरी सोय तयार हवी. जातीचा दाखला, लागत असेल तिथं वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर आधीच काढून ठेवा.

सरकारबाहेर दोन नावं: १८९२ पासून चालू असलेलं जे. एन. टाटा एंडाउमेंटचं कर्ज-शिष्यवृत्तीचं काम, आणि युरोपीय संघाचे एरास्मस मुंडस कोर्स. त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर फी नाही आणि महिन्याला १४०० युरो मिळतात. चढाओढ तगडी, पण अर्ज फुकट असतो.

परीक्षा आणि अर्ज

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचं गुणपत्रक दोन वर्षं चालतं, म्हणून फार आधीही देऊ नका. जीआरई ही प्रवेशाची परीक्षा कोर्सनं मागितली तरच. घरून देता येणाऱ्या परीक्षा आहेत, पण मध्ये लाइट गेली की परीक्षा गेली. लोडशेडिंगच्या गावात बसून धाडस करू नका, शहरात इन्व्हर्टर असलेल्या ओळखीच्या घरी एक खोली मागून घ्या.

कोर्स निवडताना नावापेक्षा विषयांची यादी बघा. जर्मनीसाठी डाड या तिथल्या शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर सगळे कोर्स सापडतात. सहा-सात जागी अर्ज पुरे: दोन अवघड, तीन जमणाऱ्या, दोन नक्कीच्या.

उद्देशपत्र, म्हणजे एसओपी, "लहानपणापासून मला यंत्रांची आवड" असं सुरू झालं की वाचणारा पुढचं पान उलटतो. तुमच्याकडं सांगण्यासारखं बरंच आहे. स्थापत्यचा विद्यार्थी जलव्यवस्थापनाला जातोय, तर २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कुठल्या नियोजनाच्या चुकीनं, आणि त्यातलं काय शिकायला तुमच्याच कोर्समध्ये यायचं आहे, हे लिहावं. जालन्याच्या स्टील कारखान्यात इंटर्नशिप केली असेल तर भट्टीजवळ नेमकं काय मोजलं ते लिहा. दुष्काळाचं नुसतं रडगाणं नको, त्यावर तुम्ही काय केलं ते हवं.

शिफारसपत्रासाठी सर बहुधा म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." निदान तुमचा प्रोजेक्ट, त्यातलं तुमचं काम, वर्गातला क्रमांक असे मुद्दे त्यांना द्या आणि मजकूर त्यांच्याकडून तपासून घ्या. तीन पत्रांची भाषा एकच निघाली तर अर्ज तिथंच संपतो. कितीतरी विद्यापीठं शिफारस थेट सरांच्या ईमेलवर मागतात आणि तो कॉलेजच्या नावाचा हवा असतो. आपल्या कॉलेजांत बहुतेक सर जीमेलच वापरतात. त्यांना कॉलेजचा ईमेल चालू करून घ्यायला दोन महिने आधी सांगा.

एजंट

'फुकट मार्गदर्शन' देणाऱ्याला पैसे विद्यापीठाकडून मिळतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात ही उघड पद्धत आहे. जर्मनीची सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत, म्हणून तिथं जायचं म्हटलं की तुम्हाला महागड्या खाजगी कॉलेजकडं वळवलं जातं. कुठलंही नाव सुचवलं की दोनच गोष्टी विचारा: सरकारी की खाजगी, आणि तुम्हाला त्यांच्याकडून काही मिळतं का? मूळ मार्कशीट कुणाच्याही ऑफिसात ठेवू नका. अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा. बनावट अनुभवपत्र "करून देतो" म्हणणाऱ्याच्या दुकानातून चपला घालून बाहेर पडा.

व्हिसा

जर्मनीनं जुलै २०२५ पासून नकाराविरुद्ध पुन्हा दाद मागायची जुनी सोय बंद केलीय. आता नवा अर्ज किंवा तिथल्या कोर्टात जाणं, एवढंच उरतं. तेव्हा फाइल पहिल्याच वेळी पक्की हवी. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड खात्याची पावती, विमा, कर्जमंजुरीचं पत्र या सगळ्यांवर नाव आणि तारखा जुळतात का ते घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

अमेरिकेची मुलाखत भारतातल्या कुठल्याही वकिलातीत देता येते. नांदेड, देगलूर, उदगीरच्या मुलांनी मुंबईचा हट्ट सोडून हैदराबादची तारीख बघावी, जवळ पडतं आणि जुनं नातंही आहे. विमानही हैदराबादचं बघा, लंडन आणि फ्रँकफर्टला तिथून थेट जाता येतं. मुंबईला सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या दिवशीच पोचा. रात्रीच्या गाडीनं जाऊन स्टेशनवर तोंड धुऊन मुलाखतीला उभं राहू नका, गाडी लेट झाली की सगळंच गेलं.

पैसे पाठवताना एक बघा. शिक्षणकर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेनं घेतलेला कर, लागत नाही. घरचे पैसे असतील तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो आणि पुढं रिटर्न भरून परत मिळतो. वडिलांच्या पॅनवरून पाठवलेत तर रिटर्न वडिलांना भरावं लागेल. शिक्षणकर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षं वजावट मिळते.

सामान

युरोपात प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, कुंथलगिरीचे पेढे नाहीत, भूमचा खवा नाही. आईला हे आधीच सांगा, नाहीतर विमानतळावर डबा टाकून द्यावा लागतो. काळा मसाला, येसूर, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ बंद पाकिटात न्या. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहावी, लपवलं तर दंड. लहान कुकर, नेहमीची औषधं डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि सगळ्या कागदांचे दोन संच. मूळ कागद हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही.

पोचल्यावर, आणि मागं घरी

विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आल्या दिवशी टाका, रांग लांब असते. न पाहिलेल्या खोलीसाठी "चावी पोस्टानं पाठवतो" म्हणणाऱ्याला डिपॉझिट पाठवू नका. जर्मनीत पोचल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, तो खोली घेतानाच मागा. ती नोंद झाली की बँक खातं, विमा, रहिवासी परवाना ही पुढची कामं हलतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिल्या सेमिस्टरला त्यातलं थोडंच वापरा. तिथं नापास झालेला पेपर मोजक्याच वेळा देता येतो, आणि शेवटची संधी हुकली तर त्या विषयाचं शिक्षण जर्मनीत कुठंच पुढं नेता येत नाही. एटीकेटीच्या भरवशावर वाढलेल्यांनी हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं.

निघण्याआधी वडिलांच्या किंवा भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवा. कर्जाचा पुढचा हप्ता सोडवायला बँकेत सही लागते आणि तुम्ही तिथं नसता. दर सेमिस्टरचं गुणपत्रक आणि पुढच्या फीची नोटीस आली की त्याच दिवशी शाखेला ईमेल करा. मॅनेजर बदलला तर नव्याला वडिलांनी स्वतः जाऊन भेटावं, फाइलची झेरॉक्स बरोबर न्यावी.